विश्लेषण : उन्हाळ्यात संगणक मंदावतो, तो जुना झाला म्हणून की धूळ साचली म्हणून?

मे महिना म्हणजे लग्नपत्रिका करणाऱ्या डीटीपी दुकानांचा आणि दाखल्यांचे अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्रांचा घाईचा काळ. नेमका याच दिवसांत, भर दुपारी, डेस्कटॉप संगणक रखडू लागतो. पंखा घरघरतो आणि कधी कधी काम अर्धवट असतानाच यंत्र बंद पडते. ‘व्हायरस असेल’, ‘फॉरमॅट मारू’, ‘आता नवाच घ्या’ असे सल्ले लगेच मिळतात. प्रत्यक्षात अनेकदा दुखणे प्रोसेसरच्या तापण्याचे असते आणि त्यावरचा इलाज खरेदीत नसून देखभालीत असतो.

प्रोसेसर एवढा का तापतो?

प्रोसेसर जी वीज वापरतो, ती जवळपास सगळी शेवटी उष्णतेत बदलते. घरी किंवा कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरचे औष्णिक मानांकन ६५ वॉट असते. अधिक ताकदीच्या प्रोसेसरचे १२५ वॉट किंवा त्याहूनही जास्त. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब पेटता असताना त्याला हात लावता येत नसे. इथे तेवढीच उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढायची असते. ती प्रोसेसरच्या धातूच्या झाकणातून थर्मल पेस्टमध्ये, तिथून हीटसिंकच्या पात्यांत आणि पंख्याच्या वाऱ्याने कॅबिनेटबाहेर जाते. यातला एकही टप्पा अडला की तापमान चढते.

तापल्यावर तो मंद का होतो?

स्वतःला वाचवण्यासाठी. बहुतेक आधुनिक प्रोसेसरची कमाल मर्यादा मॉडेलनुसार ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोहोचताच प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. तरीही तापमान वाढत राहिले तर यंत्र बंद होते. पडद्यावर याची सूचना सहसा येत नाही. त्यामुळे वापरणाऱ्याला वाटते, संगणक म्हातारा झाला. फॉरमॅट मारल्यावर नको असलेली सॉफ्टवेअर निघून जातात आणि चार दिवस बरे वाटते. पण हीटसिंकमधली धूळ जागच्या जागीच असते.

बाहेरच्या उन्हाचा कितपत संबंध?

थेट संबंध आहे. पंखा हवा फिरवतो, ती थंड करत नाही. खोलीत ३० अंश असताना काम करणारा प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर विदर्भातल्या ४५ अंशांच्या दुपारी तेच काम करताना तो साधारण ८५ अंशांवर जाईल. त्यात धुळीचा थर असला की मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. महागडा लिक्विड कूलरही या नियमातून सुटत नाही. त्यातले पाणी उष्णता फक्त वाहून नेते. शेवटी ती खोलीतल्या हवेतच सोडावी लागते.

नेमके अडते कुठे?

बहुधा चार ठिकाणी. एक, हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसतो आणि वारा आरपार जात नाही. दोन, थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळते. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यातल्या सूक्ष्म फटींत हवा शिरते आणि हवा ही उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. तीन, अनेक कूलर प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसवलेले असतात. एक खुंटी सैल झाली तरी हीटसिंक नीट टेकत नाही. चार, संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला असतो आणि बाहेर फेकलेली गरम हवाच पुन्हा आत ओढतो.

मग करायचे काय?

आधी तापमान पाहावे. ते बायोसमध्ये किंवा ‘कोअर टेम्प’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये दिसते. जड काम चालू असताना ८० अंशांच्या आत असेल तर चिंता नको. साध्या टायपिंगला ९० दिसत असेल तर कॅबिनेट उघडण्याची वेळ आली आहे. वायर काढून, ब्लोअरने धूळ उडवावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते अतिवेगाने फिरून बेअरिंग बिघडू शकते. ओले फडके वापरू नये. कूलर काढलाच तर जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. तिची ट्यूब दोन-तीनशे रुपयांत मिळते. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. एवढ्यानेही भागले नाही तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करता येते. बहुतेक यंत्रांत त्यामुळे टर्बो वेग बंद होतो. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच घटते.

जबाबदारी कोणाची?

घरच्या संगणकाची काळजी घरचे घेतील. खरा प्रश्न शाळांच्या संगणक कक्षांचा आणि सरकारी कार्यालयांचा आहे. तिथे वार्षिक देखभाल करार असतो, पण यंत्र बंद पडल्यावर माणूस पाठवणे एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. मार्चअखेर प्रत्येक कॅबिनेट उघडून साफ करणे आणि सफाईआधीचे व नंतरचे तापमान नोंदवणे या दोन अटी करारात लिहून घ्यायला हव्यात. नोंद असली की काम झाले की नाही, हे कोणालाही तपासता येते. काही यंत्रे खरोखरच जुनी झालेली असतात, हे मान्य. पण त्यांना भंगारात काढण्याचा निर्णय धूळ झटकल्यानंतर घ्यावा, आधी नव्हे. नाहीतर नवा संगणकही त्याच बंद कप्प्यात बसेल आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी त्याच्याबद्दलही ‘जुना झाला’ असेच म्हटले जाईल.