मागाला जोड, लॅपटॉपला भंगार

पुन्हा तेच. सोलापुरातल्या एका संगणक वर्गाने या आठवड्यात नव्या तुकडीसाठी सूचना लावली. पहिलीच अट: लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि विंडोज ११ हवं, नसेल तर प्रवेशाचा आग्रह धरू नये. शिकवणार काय? पायथॉनची तोंडओळख आणि वेबपेज. या स्तंभाच्या जुन्या वाचकांना पुढे काय येणार ते कळलं असेलच.

अट अगदीच हवेतली नाही. अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह चालवायचा तर किमान १६ जीबी लागेल, असं गूगल स्वतःच सांगते. आठ जीबीच्या, जुन्या हार्ड डिस्कच्या लॅपटॉपवर त्यातलं ॲप बांधणारं ग्रॅडल सुरू केलं की डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही आणि माऊसचा बाण जागच्या जागी अडखळतो. त्यात सोलापूरचा मे महिना. पारा चाळिशीच्या वर गेला की तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग आणखी उतरवतो. पण एम्युलेटर बंद ठेवावा, सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारून यूएसबी डिबगिंग चालू करावं आणि खिशातलाच फोन केबलने जोडावा. बराच भार तिथेच उतरतो. हे फलकावर कोणी लिहीत नाही. पायथॉनला तर एवढाही खटाटोप लागत नाही.

आता जरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चक्कर मारावी. चादरीच्या जुन्या मागावर जकार्ड असतं आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. ल्योंच्या जोसेफ मारी जकारने १८०४ च्या सुमारास ही युक्ती बसवली आणि चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी पत्त्यांची कल्पना तिथूनच उचलली. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यावरची नक्षी याच हिशेबाने उतरते. नक्षी बदलायची झाली तर पत्ते नवे पाडतात, माग तोच राहतो. काही तुटलं तर माग दुरुस्त करणारा जॉबर येतो, भाग घासून बसवतो, पुन्हा खडखडाट सुरू. अमुक तारखेला तुमच्या मागाचा सपोर्ट संपला, असं पत्र आजवर एकाही कारखानदाराला आलेलं नाही.

जुन्या मागाला जोड पुरतो, हे सरकारलाही उमगलं होतं. १ एप्रिल २०१७ ला सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साधे माग भंगारात न घालता आहे त्या जागीच सुधारायला अनुदान ठेवलं. धागा तुटला की माग आपोआप थांबवणारा जोड बसवा, म्हणजे कापड बिघडत नाही.

संगणकाचा न्याय वेगळा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल थांबली. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, आणि ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत घेतलेला, कीबोर्डचं एक बटणही न हललेला लॅपटॉप कागदोपत्री भंगार.

मागाला इंटरनेट नसतं, धोट्याला व्हायरस लागत नाही, हे कबूल. सुरक्षेची ठिगळं बंद झालेलं यंत्र जाळ्यावर ठेवणं धोक्याचंच. पण ठिगळं एकाच दुकानात मिळत नाहीत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, एवढा जोड लावला की त्याच लॅपटॉपवर ताजं पायथॉन, जीसीसी आणि गिट बिनतक्रार चालतात. हद्द इथेही आहेच. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटी यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर देणं बंद केलं, तेव्हा माळ्यावरच्या पेंटियमचा मोह सोडावा.

आणि गंमत पाहा. जुन्या यंत्रांना नाकं मुरडणाऱ्यांच्याच प्रयोगशाळेत डॉसबॉक्समध्ये टर्बो सी प्लस प्लसचा निळा पडदा अजून उघडतो. बोरलँडचं हे साधन १९९० चं, सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चं. पोरं कोनिओ आणि क्लिअरस्क्रीन घोकतात, मग हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखतीला जातात आणि तिथे कळतं की या गोष्टी प्रमाण भाषेत नव्हत्याच. पुण्याने सोलापूरची पोरं पळवली म्हणून आपण गळा काढतो. या स्तंभाला विचाराल तर निम्मी त्या निळ्या पडद्याने पळवली. आकडेवारी मागू नये.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी नव्या खरेदीची कागदपत्रं हलू लागतील. त्याआधी प्राचार्यांनी एका जुन्या यंत्रावर वरचा जोड लावून मुलांना आठवडाभर काम करू द्यावं. काढून टाकायचंच असेल तर आधी टर्बो सी काढावं. त्याला निविदाही लागत नाही.