डेडलॉक म्हणजे भांडण नव्हे

भागीदारीचा कागद वकिलाकडून टाइप होऊन आला की आपले व्यापारी बांधव नफ्याचा हिस्सा, भांडवलाचा आकडा आणि सहीची जागा एवढेच पाहतात. या कागदांत कधीकधी 'डेडलॉक' हा शब्द असतो. पुष्कळजण त्याचा अर्थ भांडण असा घेतात आणि बिस्मिल्लालाच भांडणाची भाषा नको म्हणून ते कलम खोडायला लावतात. आमच्या मते ही फार महाग पडणारी चूक आहे.

तीन भागीदार भांडले आणि दोघांच्या मताने निर्णय झाला, तर ते भांडण आहे, डेडलॉक नव्हे. दोन्ही बाजूंचे बळ सारखे, म्हणून कोणताच निर्णय होत नाही आणि कोणी मागेही हटत नाही, ती अवस्था डेडलॉकची. आपण कोंडी किंवा तिढा म्हणतो. वर्तमानपत्रे याच अर्थाने 'स्टेलमेट' लिहितात, पण तो शब्द बुद्धिबळाचा. तेथे खेळणाऱ्याला शह नसतो, पण चालही उरत नाही, आणि डाव बरोबरीत संपतो. धंद्यातली कोंडी अशी आपोआप संपत नाही. दुकानाचे भाडे, बँकेचे व्याज आणि कारागिरांची मजुरी चालूच राहते. दोघांच्या सहीशिवाय चेक वटत नसेल तर मजुरी देणार कोठून?

शेरिडनच्या १७७९ सालच्या 'द क्रिटिक' या इंग्रजी नाटकात हा शब्द आला आहे. रंगमंचावरची माणसे एकमेकांवर शस्त्रे रोखून उभी असतात. आधी हात कोणी मागे घ्यायचा, या भीतीने सगळेच अडकतात. शेवटी एक पहारेकरी येऊन राणीच्या नावाने शस्त्रे टाकायला लावतो, तेव्हा सुटका होते.

हसण्यावारी नेऊ नका. लंडनमध्ये रॉथमन आणि वाइनबर्ग या दोन तंबाखू व्यापाऱ्यांनी धंदे एकत्र करून येनिजे टोबॅको ही कंपनी काढली. दोघेही डायरेक्टर, मते समान. पुढे बोलणे बंद झाले, निरोप सेक्रेटरीमार्फत जाऊ लागले, लवादाचा निकालही एकाने मानला नाही. कंपनी चांगल्या नफ्यात होती, तरी १९१६ साली कोर्टाने ती गुंडाळण्याचा आदेश कायम केला. दोघे मिळून कारभारच करू शकत नसतील तर नफा असून काय उपयोग?

आपल्याकडे १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे रोजच्या कामातील मतभेद बहुमताने मिटवता येतात. पण दोघा भावांच्या किंवा मेहुण्या-मेहुण्यांच्या पेढीत बहुमत आणायचे कोठून? मुदत न ठरलेली भागीदारी एका लेखी नोटिशीने मोडता येते, हे खरे. पण मोडणे हा शेवटचा इलाज झाला. १९९६ च्या लवाद कायद्याने तर लवादांची संख्या सम असू नये असेच सांगितले आहे. दोन पंच दोन बाजूंना गेले की पुन्हा तीच कोंडी!

म्हणून कलम खोडू नका, नीट लिहून घ्या. नुसते 'डेडलॉक झाल्यास आपसांत मिटवावे' या वाक्याने काही साधत नाही. आपसांत मिटले असते तर डेडलॉक कशाला झाला असता? किती दिवस बोलणी करायची, त्यानंतर कोणा एका तिसऱ्या माणसाचा शब्द मानायचा, आणि तोही उपाय फसला तर कोणी कोणाचा हिस्सा कोणत्या हिशेबाने विकत घ्यायचा, हे त्यात हवे. हिशेब तपासणारा कोण, तोपर्यंत मजुरीच्या चेकवर एकाची सही चालेल काय, दुकानाची जागा आणि पेढीचे नाव कोणाकडे राहील, हेही लिहावे. कोरा कागद समोर असतो आणि दोघेही एकाच चहाच्या टेबलावर बसलेले असतात, तेव्हा या गोष्टी अर्ध्या तासात ठरतात.