चमकी घेताना, चमकी विकताना

राखी-रांगोळीची चमकी आणि चेहऱ्याची चमकी मालेगावसारख्या बाजारपेठेत एकाच फळीवर दिसते. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. हस्तकलेची चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचे तुकडे. त्यांच्या धारदार कडांनी बुबुळास इजा होऊ शकते. म्हणून ती तोरण, राखी, भेटपत्रांपुरतीच वापरावी. प्रसाधनाची चमकी बारीक व त्वचेस मान्य रंगांची असते. डोळ्यांभोवती लावायची असल्यास वेष्टनावर तसा स्पष्ट उल्लेख हवा.

दुसरा प्रश्न अहिंसेचा. काही प्रसाधनांतील मोतिया झळाळी माशांच्या खवल्यांपासून, तर किरमिजी रंग कोचिनील किड्यांपासून मिळवितात. घटकांच्या यादीत पहिल्याचा क्रमांक सीआय ७५१७०, दुसऱ्याचा सीआय ७५४७०. अभ्रकाची झळाळी मात्र खनिज आहे.

युरोपीय संघाने सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध घातले, कारण तिचे कण माती-पाण्यात दीर्घकाळ टिकतात.

शिरपूरच्या यात्रेकरूंची वर्दळ असलेल्या या तालुक्यातील व्यापाऱ्याने दोन्ही प्रकार वेगळ्या बरण्यांत ठेवावेत, घटकांची यादी नसलेला माल परत करावा आणि ग्राहकाने न विचारताही भेद सांगावा. पेढीची पत अशाच लहान सत्यांवर उभी राहते.