आपली बादली कुणी उचलायची?

राइट टाउनमधल्या आमच्या दोन खोल्यांत चौघांचे कपडे आणि वाळवायला एक अरुंद गॅलरी. पावसाळ्यात पंख्याखाली दोरी बांधावी लागते. पण जागेची अडचण पाळ्या लावून सुटते. धुवायचं कुणी, हा प्रश्न तसा सुटत नाही, कारण त्यात जात आहे आणि बाईपणही.

मळ काढणाऱ्यालाच मळका ठरवणं ही जातीची रीत. धोबी समाज भोपाळ, रायसेन, सिहोरमध्ये अनुसूचित जातीत मोडतो, इथे जबलपुरात इतर मागासवर्गात. आणि ज्याला वरच्यांनी हीन मानलं, तो धोबीही अस्पृश्यांचे कपडे धूत नसे. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, ती हीच. अस्पृश्यतेपोटी अशी सेवा नाकारणं 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरलं.

1876 साली परीट घरात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव झाडू मारला, तो गावाने आपली घाण आपण काढावी म्हणून.

आपल्या घरातला पहिला पदवीधर पगारातून वॉशिंग मशीन घेतो. तरी कपडे गोळा करणं, वाळत घालणं, घड्या करणं आईकडे किंवा बायकोकडेच राहतं. खाली इस्त्रीवाल्याला तोच ‘ए धोबी’ म्हणून हाक मारतो. म्हणजे उतरंड तशीच राहिली, आपण फक्त एक पायरी वर सरकलो.

इस्त्रीवाल्याला नावाने हाक मारा, दरात घासाघीस करू नका. आणि घरातल्या मुलग्यांनो, आपले कपडे आपण धुवा. समतेची सुरुवात मोरीपासूनही होते.