पक्ष बघून मत, की काम बघून?

सभासद बंधू-भगिनींनो,

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. आकडा एकच. पण एका पारावर ऐकावे, तर "सरकारने शेतकऱ्याला तारले", दुसऱ्या पारावर "तोंडाला पाने पुसली." तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय पडते, खत-मजुरी किती वाढली, हा हिशेब दोन्हीकडे कुणी मांडत नाही. बोलणारा कोणत्या पक्षाचा एवढे कळले, की त्याचे उत्तर आधीच सांगता येते!

मतभेद असावेत. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सरकारची साथ घेऊन सहकारी कारखाना उभा केला. उलट, १९८० साली नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी आंदोलन उभे करणारे शरद जोशी सांगत राहिले, की सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढावा. शेतकऱ्याच्या कष्टाचे मोल दोघांनाही हवे होते, वाटा वेगळ्या. हा विचारांचा फरक. कुणाला बिलात चार पैसे जास्त हवेत, कुणाला त्यातून गावात शाळा-दवाखाना हवा. हा मूल्यांचा फरक. दोहोंचाही मान राखावा.

पक्षनिष्ठेचे तसे नाही. १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, २०२३ साली तीही फुटली. दोन्ही वेळा पुढारी ज्या बाजूला गेला त्या बाजूला गावेच्या गावे गेली. पाण्याबद्दलचे, भावाबद्दलचे आपले विचार काय एका रात्रीत बदलतात? मग बदलले ते काय?

बेणे घेताना आपण असे करत नाही. को ८६०३२ कुणी आणला हे न विचारता टनेज किती, उतारा किती, खोडवा कसा फुटतो, एवढेच पाहिले. म्हणून तो वाण रानोरान पसरला. बेण्याला लावतो ती कसोटी मताला का नको?

सहकारात शेअर एक असो वा दहा, मत एकच. त्याची किंमत आपणच राखायची. म्हणून एवढेच करा : एखाद्या निर्णयावर बोलण्याआधी मनाला विचारा, "हाच निर्णय दुसऱ्या पक्षाने घेतला असता, तर मी काय म्हटले असते?" उत्तर बदलत असेल, तर ते मत आपले नव्हे, पक्षाचे.

मत कुणाला द्यावे हे सांगणे माझे काम नाही. पण निवडणूक चार दिवसांची. पाण्याची पाळी आणि शेजारचा बांध जन्माचा. एवढे ध्यानात असू द्यावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी