12 व्होल्टचा ट्यूब अॅम्प विकायचाय? आधी स्टिकर नीट छापा

घरी बनवलेला हेडफोन अॅम्प व्हिडिओत दाखवला आणि "सर, हा विकता येईल का?" असे बरेच मेसेज आले. येईल की. पण आपण नेमकं काय विकतोय ते आधी समजून घ्या.

12एयू7 ही ट्यूब एरवी 100 ते 250 व्होल्टवर चालते. आपण तिला 12 व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालवतो. तिचा हीटर 12.6 व्होल्टचा, 150 मिलिअँपिअर घेणारा, म्हणून त्याचंही त्यातच भागतं. जबर शॉकची भीती नाही, त्यामुळे शिकायला झकास! पण एवढ्या कमी व्होल्टेजवर ही ट्यूब हेडफोनला पुरेसा करंट देऊच शकत नाही. ते काम पुढचे आयआरएफ510 मॉसफेट करतात. हीटसिंक त्यांनाच लागतो.

म्हणजे हा झाला हायब्रिड. तरी पहिल्या पीसवर मी "प्युअर ट्यूब साउंड" असं स्टिकर लावलं होतं. घेणारे काका पूर्वी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी झाकण उघडलं, मॉसफेटकडे बोट दाखवलं आणि नुसते हसले. पैसे परत मागितले नाहीत, पण पुन्हा दुकानातही आले नाहीत.

तेव्हा माझं ऐकाल तर सरळ "हायब्रिड" छापा. कमी व्होल्टेजवर डिस्टॉर्शन वाढतं, तेही सांगा. काहींना तोच आवाज आवडतो. गिऱ्हाइकाला त्याच्याच हेडफोनवर दहा मिनिटं ऐकू द्या, मग किंमत बोला. आणि हो, किमतीत सोल्डरिंगचे तास धरा. मी धरले नव्हते.