राखणदारही म्हातारा होतो

एरवी या सदरात मी शब्दांच्या खोड्या काढतो. दिवाळी अंकात काही गोडधोड वाढावे, असा रिवाज खरा. पण वाचकहो, यंदा एका शब्दाने माझीच खोड मोडली. तो शब्द म्हणजे ‘म्हातारचळ’.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आईला नागीण झाली. वय चौऱ्याहत्तर. उजव्या कुशीवर, पाठीपासून पोटापर्यंत, पाण्याने भरलेल्या फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकू काव उगाळून घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “तोंड नि शेपटी जुळू देऊ नका हो! विळखा पुरा झाला की माणूस हाती लागत नाही.”

आम्ही डॉक्टर गाठले. औषध झाले, खपल्या पडल्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे सौ. आईच्या पाठीला उटणे लावायला गेली, तर आई एकदम मागे सरली. “नको गं, पदर लागला तरी आग होते.” मी पाहिले, कातडी निवळलेली. हसून म्हणालो, “आई, नागीण केव्हाच गेली. आता हा नुसता म्हातारचळ!”

ती काही बोलली नाही. आणि त्यानंतर दुखते असे तिने कधी म्हटलेही नाही.

पुढे डॉक्टरांकडे सहज हा विषय निघाला, तेव्हा त्यांनी माझ्यासारख्या मास्तरालाच बाकावर उभे केले. ते म्हणाले, नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या होतात, बऱ्या होतात. पण त्यांचा विषाणू घर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, तिथे तो पन्नास-साठ वर्षे दडून राहतो. त्याला दाबून ठेवतात आपल्या शरीरातल्या राखणदार पेशी.

आपले केस पिकलेले आपल्याला दिसतात. पण हे राखणदारही म्हातारे होतात, ते कोण पाहतो? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. या शिपायांचे शिक्षण तिथे होते. ती तारुण्यातच आक्रसू लागते आणि उतारवयात नवी भरती फार रोडावते. जुनेच शिपाई पहारा देतात नि त्यांना डुलकी लागते. तेवढ्यात विषाणू एखाद्या मज्जातंतूवरून कातडीपर्यंत उतरतो. हा तंतू अंगाच्या एकाच बाजूचा, म्हणून काकूंचा विळखा सहसा अर्धाच राहतो. पण तंतू मात्र जायबंदी होतो आणि कातडी बरी झाल्यावरही महिनोन् महिने आगीची वर्दी देत सुटतो. वर्दी खोटी, दुखणे मात्र खरे!

ही राखणदारांच्या म्हातारपणाची गोष्ट कुणी ताडली? इंग्लंडातल्या सायरनसेस्टर या लहान गावच्या एडगर होप-सिम्पसन या डॉक्टरांनी. आपल्याच दवाखान्यातल्या रोग्यांच्या सोळा वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली त्यांनी हा विचार मांडला. त्यांनी साऱ्या गावाचे ऐकून लिहून ठेवले होते. माझ्या घरात एकच रोगी, तिचेही मी ऐकले नव्हते.

गोष्ट इथे संपत नाही. वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१३ पासून नागिणीची लस देऊ लागले. तिथला नियम असा की, २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळायची नाही. म्हणजे आठवड्याच्या अंतराने जन्मलेले दोन शेजारी. एक लशीला पात्र, दुसरा नाही. कॅलेंडरनेच जणू प्रयोग मांडून दिला! संशोधकांनी त्याचा हिशेब २०२५ साली ‘नेचर’मध्ये छापला. लस घेतल्याने पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक-पंचमांशाने घटले होते. विषाणू निजून राहिला म्हणून, की लशीने म्हाताऱ्या राखणदारांना एकूणच जाग आली म्हणून, याचा उलगडा व्हायचा आहे. पण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हात झटकणाऱ्या आपल्या भाषेला त्याने विचारात पाडले आहे खास.

भारतातही २०२३ पासून पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस मिळते. वेल्समध्ये तेव्हा दिली ती नव्हे, निराळ्या जातीची. स्वस्त नाही. घ्यावी की नाही, हे आपापल्या डॉक्टरांना विचारावे. मी पडलो मराठीचा मास्तर.

माझ्याकडून मी एवढेच केले. परवा आई निरांजनाच्या वाती वळत बसली होती. शेजारी बसून विचारले, “आई, अजून दुखतं का गं?”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग पदर सावरीत म्हणाली, “दुखतं. रात्री जास्त.”

वर्षभराने तिने तो शब्द पुन्हा उच्चारला होता.